ताईच्या पायावरचे ठिपके

४ फेब्रुवारी

केलं. ताईच्या पायावरचे ठिपके मी आज खाली सरकवले.

दुपारी ती उशांच्या ढिगावर पाय टाकून पडली होती. पट्ट्या सोडलेल्या. पाय धुऊन, पुसून, क्रीम लावून तयार. घोट्यापासून मांडीपर्यंत टेपबाईचे (दवाखान्यात सुजलेल्या पायांची मालिश-मापं करणाऱ्या मॅडम, टेप कायम गळ्यात) जांभळे ठिपके, एका रेषेत, बसस्टॉपसारखे. दर वेळी टेपबाई त्या ठिपक्यांवर टेप गुंडाळते आणि पाय किती उतरला ते बघते. धुऊन धुऊन ठिपके फिके होतात. फिके झाले की त्याच जागी मार्करनं गडद करायचे— हे काम तिनं माझ्यावर सोपवलंय. "त्याच जागी हं!" बोट नाचवून म्हणाली होती.

त्याच जागी नाही केले. सॅनिटायझरचा बोळा घेतला, जुने पुसले, नवे अंगठाभर खाली काढले. सगळे नाही! गुडघ्याखालचा एक तसाच ठेवला, कारण तिथून खाली सरकलं की पोटरी जाड होते. बाकी सगळीकडे खाली म्हणजे बारीक. भूमितीच्या सरांनी मला वर्गाबाहेर काढलं होतं. आज असते तर आत घेतलं असतं.

हो, नालायक आहे मी. पण वहीबाई, ऐकून तर घे. मागच्या वर्षी ताईच्या जांघेतली गाठ काढली. गाठ गेली, पण जाताना पायाचा नळ तुंबवून गेली. पाय फुगायला लागला— आधी घोटा, मग पोटरी, मग आख्खा. घरात आम्ही दोघंच. आईबाबा गेल्यापासून ताईच आई, ताईच बाबा, ताईच पोलीस. त्यामुळे पट्ट्या कोण बांधणार? मी. दुकानातून यायचं, हात धुवायचे, बसायचं. आधी सुती पायमोजा, मग कापूस, मग फोमचे तुकडे, मग पट्ट्या, एकावर एक. खाली पोरं कॅरम मांडून शिट्ट्या मारतात आणि मी वर ताईचं पार्सल बांधतोय!

टेपबाई म्हणालीय, माप पुरेसं उतरलं की कंपनीतून घट्ट मोजा मागवायचा. मोजा आला की दिवसभराच्या पट्ट्या बंद. ताई कामावर, मी कॅरमवर. दोघं सुखी.

उद्या माप आहे.

५ फेब्रुवारी

मेलो.

आधी सगळं झकास झालं. दवाखान्यात टेपबाईनं गळ्यातली टेप काढली, ठिपक्या-ठिपक्यावर गुंडाळली, आकडे लिहिले. मागचे आकडे बघितले. परत पायाकडे बघितलं. मी छताचा पंखा बघत होतो, इतका निरागस चेहरा करून की दुसऱ्या कुणाला लगेच संशय आला असता. बाहेर बाकावर गर्दी, एक म्हातारे काका दर दोन मिनिटांनी पडदा सरकवून "झालं का?" विचारणारे.

"अरे वा!" टेपबाई म्हणाली. "उतरला की हो छान!"

"खरंच, मॅडम?" ताई उठून बसली. तिचा चेहरा… असा मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. थोडा घाबरल्यासारखा पण होता.

"टेप खोटं बोलत नाही," टेपबाई म्हणाली. (टेप नाही बोलत.) मग माझ्या पाठीवर थाप. "पट्टी बांधणाऱ्याचंही कौतुक आहे! चला, हीच मापं कंपनीला पाठवू या. बरोब्बर याच मापाचा मोजा बनून येईल."

याच मापाचा!

देवाशपथ, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं, माप म्हणजे पास-नापास. पास झालं की मोजा मिळतो, एवढंच. ते शिंप्याचं माप आहे, त्यावर कापड बेतणार, हे सुचलंच नाही. मला! जो दिवसभर सोफ्याची कव्हरं मापून कापतो त्याला! चार बोटं कमी माप घेतलं की कव्हर कसं उसवतं ते मला चांगलं माहीत आहे.

पण कव्हर उसवतं. हा मोजा उसवणार नाही. हा पाय आवळणार.

६ फेब्रुवारी

सांगायचं होतं. सांगितलं नाही. तिच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली, तेवढंच.

९ फेब्रुवारी

मोजा यायला वेळ लागणार. तोवर पट्ट्या चालूच. इतक्या नीट बांधतोय की बस. मनात म्हणतोय— खरंच पाय उतरला, मोजा येईपर्यंत त्या खोट्या मापाला पोचला, तर झालं! कुणाला काही सांगायला नको.

पहिल्या दिवशी मी पाय सोफ्यासारखा बांधला होता. खालपासून वरपर्यंत सारखा ताणून. टेपबाईनं बघितलं आणि सगळं सोडायला लावलं. "पाय आहे तो, सोफा नाही! खाली घट्ट, वर जाताना सैल. वर आवळलंस तर पाणी खाली अडकेल. बोटं फुगतील." ती मालिश करते तीही उलटीच. पाय सुजलाय आणि बाई गळ्यापासून सुरू करते. आणि हात इतका हलका, मांजर कुरवाळल्यासारखा. मी म्हटलं, "मॅडम, जरा जोर लावा की." तर म्हणाली, "पुढची गल्ली मोकळी केल्याशिवाय मागची गर्दी पुढे सरकेल का? आणि धक्के मारून सरकेल का?" मला असं गप्प करणारी माणसं फार नाहीत.

ताई आज गाणं गुणगुणत होती. कारखान्यात सुपरवायझरला फोन केला— "मोजा आला की येते. माझं टेबल कुणाला देऊ नका." ती कटिंगला आहे, दिवसभर उभं राहून कापड कापते. सहा जणींत तिची कात्री सगळ्यांत सरळ चालते असं तीच सांगते.

१४ फेब्रुवारी

मोजा आला नाही. कुरिअरवाल्याची गाडी रोज पंक्चर होऊ दे. (त्याला लागू देऊ नको. फक्त पंक्चर.)

१९ फेब्रुवारी

आला!

कातडीच्या रंगाचा, मांडीपर्यंत, हातात घेतला तर एवढासा. ताई म्हणाली, "हा माझा? का बाहुलीचा?"

टेपबाईनं रबरी हातमोजे घालून चढवायला घेतला. "पहिल्यांदा सगळ्यांनाच असं वाटतं," म्हणाली. घोट्यावर अडला. पोटरीवर अडला. गुडघ्यावर तर ताईनं उशी दातात धरली. शेवटी चढला. टेपबाई काठाखाली बोट घालायला गेली, बोट जाईना. कपाळाला आठी. "जास्तच घट्ट वाटतोय का हो?"

मी तोंड उघडलं. आईशप्पथ उघडलं होतं! तेवढ्यात ताई ओरडली, "नाही, नाही! छान आहे! घट्ट आहे म्हणजे काम करतोय." उठली, दोन पावलं चालली, आरशात वळून वळून बघितलं. "बारक्या, बघ! सलवार बसते वरून!"

आता यावर कोण काय बोलणार?

"आज थोडाच वेळ घाला," टेपबाई म्हणाली. "बोटांना मुंग्या आल्या, रंग बदलला, लाल झालं, तर लगेच काढा. ताप आला तर थेट डॉक्टर. ऐकताय ना?"

ताई आरशात बघत होती.

२० फेब्रुवारी

ती आज कामावर गेली. थोडा वेळ म्हणजे पूर्ण पाळी!

घरी आली तेव्हा पायाची बोटं फुग्यांसारखी. मोजा काढला तर मांडीवर गोल खाच, जणू दोरीनं आवळलं होतं. खाचेत कातडी सोललेली. मी म्हटलं, "ताई, हा बरोबर नाही बसत." "तू डॉक्टर कधी झालास?" "अगं बोटं बघ." "नवीन बूट नाही का लागत? तसंच आहे हे."

मी क्रीम लावलं. त्याच जागी तीनदा लावलं. तिनं टपली मारली— "काय रे, प्रेमात पडलास का कुणाच्या?"

२१ फेब्रुवारी

आज ताईची सुट्टी. मोजा वाळत होता. डब्याच्या पिशवीत घालून दुकानात नेला. मालक पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते, मी मागे जाऊन सगळ्यांत जाडजूड लोडावर तो चढवला. घामाघूम झालो. वाटलं, दिवसभर ताणून राहील, जरा तरी सैल होईल. सोफ्याचं इलॅस्टिक होतं तसं.

मालक मागे आले. लोडाला मोजा घातलेला बघून बराच वेळ उभे राहिले. "थंडी वाजते का रे लोडाला?"

"नवीन डिझाईन आहे, मालक."

"घरी जा. डोकं ठिकाणावर नाही तुझं."

काढला तर टक्कन पहिल्यासारखा! कंपनीनं माल एक नंबर बनवलाय. नशीब माझं.

२२ फेब्रुवारी

सकाळी मोजा पिठाच्या डब्यामागे लपवला. ताईनं घर डोक्यावर घेतलं. पट्टीची गुंडाळी घेऊन माझ्या मागे सगळ्या खोल्यांतून— म्हणजे दोनच आहेत— लंगडत लंगडत धावली. "माकडा! उशीर होतोय! दे!"

"नाही देत."

"दे म्हणते ना!"

मग मी सांगितलं. स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. ठिपके मी हलवले. अंगठाभर खाली. माप खोटं आहे. मोजा खोट्या मापाचा आहे. पायाचं वाटोळं होईल. घालू नकोस.

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग हसायला लागली. "हे नवीन आहे हं! मागच्या महिन्यात घड्याळ पुढे केलंस. त्याआधी वरच्या मजल्यावरच्या आजोबांना लिफ्ट बंद आहे म्हणून चालवलंस. आता हे?"

"ताई, खरं सांगतोय गं."

"तेव्हाही 'खरं सांगतोय' म्हणाला होतास." पिठाच्या डब्यामागे हात घातला, मोजा काढला. ती मला माझ्यापेक्षा चांगली ओळखते. बसून चढवायला लागली. चढवताना हसत नव्हती.

एवढ्या थापा मारल्या आजवर. सगळ्या खपल्या. आज पहिल्यांदा खरं बोललो, ते खपलं नाही.

२४ फेब्रुवारी

कारखान्यातून फोन— घेऊन जा, थंडी वाजून आलीय.

रिक्षात तिचे दात वाजत होते. मी दुकानातनं पळत आलो होतो, खिशात कात्री तशीच. मोजा काढता येईना, पाय इतका फुगलेला. कापला. रिक्षातच, खालून वरपर्यंत सरळ कापला. ती म्हणाली, "महागाचा आहे रे." तापानं फणफणलेली आणि हे बोलते!

मोज्याखाली मांडी लालभडक. तव्यासारखा तापलेला. सोललेल्या खाचेपासून लाली वर-खाली पसरत चाललेली.

डॉक्टर म्हणाले, कातडीतून इन्फेक्शन आत गेलंय. अशा पायात ते झपाट्यानं पसरतं. दाखल करा. सलाईन, इंजेक्शनं. मी विचारलं, "पाय राहील ना?" ते म्हणाले, "बघू, ताप कधी उतरतो ते." "हो" म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो, म्हणालेच नाहीत.

२५ फेब्रुवारी

ताप आहेच. लाली गुडघ्याखाली पसरली. नर्सनं तिच्या कडेनं पेनानं रेघ मारलीय. मी त्या रेघेला बोटही लावलं नाही.

२६ फेब्रुवारी

टेपबाई आली. दवाखान्यातनं सरळ, टेप गळ्यातच. ताईला झोप लागली होती. पाय बघून बाहेर आली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली. कापलेला मोजा माझ्या मांडीवर होता.

मी म्हटलं, "मॅडम, ठिपके मी हलवले."

वाटलं, कानाखाली बसणार. ती म्हणाली, "कुठे?"

'का' नाही विचारलं, 'कुठे'! मी माझ्याच पॅन्टवर बोटानं दाखवलं. इथला इथे, इथला इथे, हा तसाच.

"हा का तसाच?"

"तिथं खाली जाड येतं."

तिनं डोळे मिटले. गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मला तर ओरडा परवडला असता.

मग म्हणाली, "दर वेळी टाचेपासून मोजून ठिपके तपासायचे असतात. सुरुवातीला तपासले. मग सोडून दिलं. बाहेर गर्दी असायची, आणि तू पट्ट्या इतक्या नीट बांधायचास… वाटलं, हा पोरगा चुकायचा नाही."

"चुकलो नाही मॅडम. मुद्दाम केलं."

"ते तर आणखीच वाईट."

खरंय.

मी म्हटलं, ताईला सांगितलं होतं, तिनं मानलं नाही. तुम्ही सोबत या, आता मानेल. तर म्हणाली, "नाही. सांगायचं नाही."

"का?" मी म्हटलं.

"तिचा पाय खरंच उतरत होता. मोज्याएवढा नाही, पण उतरत होता. आत्ता तिला कळलं की माप खोटं होतं, तर तिला सगळंच खोटं वाटेल. पट्ट्या, मालिश, मी, सगळं. मग माणसं सोडून देतात. मी बघितलीत अशी माणसं. त्यांचे पायही बघितलेत." थांबली. "माप घेताना माझी चूक झाली, असं मी सांगेन. ते काही खोटं नाही. तू गप्प बसायचंस. जमेल?"

मला आजवर सगळ्यांनी "गप्प बस" सांगितलंय. "जमेल का" कुणी विचारलं नव्हतं.

जमवतो म्हटलं.

१ मार्च

ताप गेला!! लाली रेघेच्या आत आली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, आता जपा. पुढच्या वेळी इतक्या सहज सुटेल असं नाही.

टेपबाईनं लाकडी पट्टी आणली होती. टाच फळीला टेकवली, तळापासून मोजून नवे ठिपके काढले. मला मार्करला हात लावू दिला नाही. माप मोज्याच्या आधीपेक्षाही जास्त. म्हणजे सगळं पहिल्यापासून.

"मोजा चुकला तो माझ्यामुळे," टेपबाई म्हणाली. "माप घेताना तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही."

दुकानदारानं एक नासका कांदा घातला तर ताई गल्ली गोळा करते! पण ती छताकडे बघत होती. म्हणाली, "होतं असं, मॅडम."

बस. एवढंच.

संध्याकाळी सुपरवायझरचा फोन. तिच्या टेबलावर दुसरी बाई उभी केलीय. ताईनं फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी बाहेर जाऊन उगाच पाणी भरून आणलं.

३ मार्च

घरी आलो. डॉक्टर "बांधा" म्हणाले म्हणून आज पट्ट्या पुन्हा सुरू. खाली घट्ट, वर सैल. ताई म्हणाली, "बारक्या, मॅडमना काही बोललास का? ठिपक्यांचं?"

शब्द दिलेला. म्हटलं, "नाही."

"बरं केलंस." पट्टीचं टोक स्वतःच धरून बसली. "गुडघ्याच्या वाटीवरचा ठिपका वाटीखाली आला होता. मापाच्या दिवशी पट्ट्या सोडतानाच दिसला मला. स्वतःचा पाय आहे रे माझा. मॅडम टेप लावत होत्या तेव्हा एक शब्द बोलले असते तर झालं असतं. नाही बोलले. मला ते माप हवं होतं. तू सांगायला आलास, तेव्हा हसले. काय करणार होते दुसरं? आणि परवा त्यांनी दोष स्वतःवर घेतला, तोही घेऊ दिला." मग माझा कान धरला, पण पिळला नाही. "त्यांना कळलं तर माझा पाय परत हातात धरायच्या नाहीत त्या. तू तोंड उघडायचं नाहीस. माझी शपथ."

घेतली शपथ. काय करू?

म्हणजे आता दोघींना सगळं माहीत, दोघी एकमेकींपासून लपवणार, आणि दोघींचं कुलूप माझ्या तोंडाला! माझ्या! ज्याला दूध संपलंय म्हटलं तर लोक पातेलं उघडून बघतात! उद्या टेपबाई येणार. ती पायाशी, ताई उशीशी, मी मध्ये पट्टी धरून.

हे फक्त तुला सांगितलंय. कुणाला बोलू नकोस. हात जोडतो, पाया पडतो, पण बोलू नकोस. आता कुठे पट्ट्यांचं परत नीट सुरू झालंय गं.